गोंडवनातील एका क्षुद्र जलचराची वंशावळ

१८५९ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळाच्या कार्यवृत्तात विल्यम बेअर्ड ह्यांचा तीन-चार पानांचा एक लेख छापला गेला. रेव्हरंड हिस्लॉप ह्यांनी नागपुराहून पाठविलेल्या काही सूक्ष्म कवचधर प्राण्यांचे वर्णन, एवढाच त्याचा विषय. पुढे १८८७ साली नॉर्वेच्या राजधानीत जॉर्ज ओसियन सार्स ह्यांनी त्यांपैकी एकाच प्राण्यावर चांगला विस्तृत निबंध लिहिला. आणि २०१३ साली मार्टिन श्वेंटनर व त्यांचे सहा सहकारी ह्यांनी त्याच प्राण्याच्या कुळाचा तिसऱ्यांदा शोध घेतला. दीडशेंहून अधिक वर्षांच्या अवधीत, तीन देशांत, तीन अगदी निरनिराळ्या साधनांनी लिहिलेले हे तीन लेख. विषय मात्र मुगाच्या डाळीएवढा. हे लेख एकापुढे एक ठेवून वाचल्यास त्यांतून जे उघड होते ते त्यांतील कोणताही एक लेख सुटा वाचून उघड होत नाही, म्हणून त्यांचे परीक्षण येथे करण्याचे योजिले आहे.

शास्त्रीय निबंधांची समीक्षा वाङ्मयाच्या मासिकात कशास, अशी शंका कोणी काढील. वर्णन करणे, नाव देणे, नाते जोडणे ही तिन्ही कामे मुळात भाषेची आहेत. ती चांगली झाली की वाईट, हे पाहण्याचा अधिकार वाचकास असावा. कवीने उपमा चुकविली तर आपण त्यास सोडीत नाही. मग शास्त्रज्ञाने नाते चुकविले तर त्यास का सोडावे?

प्रथम प्राणी कसा आहे ते सांगितले पाहिजे. खेकडा, कोळंबी, शेवंडे ही ज्या कवचधर वर्गातील, त्याच वर्गातील हा एक अत्यंत लहान जीव. आकार जेमतेम पाच मिलिमीटर. बाहेरून पाहिला तर शिंपलीच वाटावी. दोन पारदर्शक झाकणे पाठीवर जोडलेली, कड जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार, आणि आत पंधरा-सोळा जोड्या पानांसारख्या पायांची सतत चाललेली लगबग. शिंपलीतील खरा प्राणी मृदुकाय असतो. हा तसा नाही, ह्याचे पाय सांध्यांचे आहेत. दोन्ही डोळे एकत्र मिळून गेलेले, म्हणून एकाक्ष दिसतो. तो पाणवनस्पतींच्या दाटीत राहतो. ह्याच्या जातीत नर क्वचितच आढळतात. मादी नराशिवायच पिलांना जन्म देते, आणि ती पिले तिच्या कवचाखाली पाठीवरच वाढून, आईसारखी झाल्यावर बाहेर पडतात. शास्त्रीय भाषेत ह्याचे नाव सायक्लेस्थेरिया हिस्लोपी. मराठीत ह्यास नाव नाही.

ज्यांचे नाव ह्यास मिळाले ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडातील. जन्म १८१७ चा. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून १८४५ साली ते नागपुरास आले. धर्मोपदेश हे त्यांचे काम. परंतु त्यांची कीर्ती उरली ती दगडांमुळे. रॉबर्ट हंटर ह्या आपल्या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूरच्या आसमंतातील खडक, त्यांतील पुराण प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष असे काही चिकाटीने जमविले की भूगर्भशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत ह्या दोघांची नावे आजही येतात. गोंड लोकांची भाषा, कथा व चालीरीती ह्यांविषयीही त्यांनी टिपणे केली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल ह्यांनी संपादून प्रसिद्ध केली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परत येताना पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. परंतु त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या हजारो पदवीधरांपैकी कितीजणांस हे ठाऊक असेल की त्यांच्या कॉलेजच्या नावाचा एक जिवंत प्राणी जगाच्या प्राणिकोशात नांदत आहे?

आता बेअर्डकडे वळू. हा गृहस्थ ब्रिटिश म्युझियममधील, आणि ह्या सूक्ष्म कवचधरांच्या बाबतीत त्या काळी इंग्लंडातील मोठा अधिकारी. त्याचा ब्रिटनमधील अशा प्राण्यांवरचा ग्रंथ १८५० साली निघाला होता. नागपूर त्याने पाहिले नव्हते. त्याच्यापुढे आले ते मेलेले नमुने. अशा स्थितीत त्याने जे केले ते योग्यच केले: प्राणी नवा आहे हे ओळखले, त्याचे वर्णन केले, चित्र दिले, आणि धाडणाऱ्याचे नाव प्राण्यास दिले. त्याच्या लेखात डौल नाही, पण हात राखून लिहिलेले एक सभ्य गद्य आहे. जे दिसले तेवढेच सांगायचे, अशी त्याची रीत. आमच्या मते ह्या रीतीचे मोल आजच्या वाचकास कळणे कठीण. कारण आज जो तो दिसण्यापूर्वीच अर्थ सांगू लागतो.

त्याची चूक झाली ती घराण्याच्या नावात. त्याने हा प्राणी 'एस्थेरिया' ह्या वंशात बसविला. दोन झाकणांच्या जवळजवळ सर्वच जलचरांस त्या काळी ह्या एका नावाखाली कोंबीत असत. एखाद्या गावात येणाऱ्या प्रत्येक परक्याला 'परदेशी' हेच आडनाव लावावे, तसला हा प्रकार. गंमत अशी की खुद्द 'एस्थेरिया' हे नावच ह्या प्राण्यांचे नव्हते. १८३० सालीच एका फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने ते एका माशीच्या वंशास दिले होते. प्राणिशास्त्रात पहिल्याचा हक्क मोठा असतो. त्यामुळे माशीचे नाव माशीकडे गेले आणि शिंपलीवाले बेनाम झाले. त्यांना पुढे निरनिराळी नावे घ्यावी लागली.

ह्या सैल नावाचा एक उपद्रव विशेष सांगण्यासारखा आहे. हिस्लॉप व हंटर ह्यांना आजच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या बाजूस मांगली येथील वालुकाश्मात अशाच दोन झाकणांच्या प्राण्यांचे ठसे सापडले होते. रूपर्ट जोन्स ह्यांनी १८६२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन 'एस्थेरिया मांगलीएन्सिस' ह्या नावाने केले. म्हणजे एकाच मनुष्याने एकाच प्रांतातून एक जिवंत एस्थेरिया पाठविला व एक शिलारूप एस्थेरिया पाठविला. भोळ्या वाचकाने ह्यातून काय समजावे? शिळेतला आजा आणि तळ्यातला नातू, असेच त्याच्या मनात येणार! परंतु मांगलीचा प्राणी वीसबावीस कोटी वर्षांपूर्वीच्याही पलीकडचा, आणि आज शास्त्रज्ञ त्यास ज्या शाखेत ठेवतात ती हिस्लॉपच्या जिवंत प्राण्याची शाखा नव्हे. आडनाव एक असल्याने सोयरीक सिद्ध होत नाही, हे आपल्याकडे कोणत्याही आजीबाईस ठाऊक असते.

ही सोयरीक प्रथम मोडली सार्सने. त्याची रीत अशी. दूर देशांतील आटलेल्या तळ्यांचा सुकलेला चिखल तो मागवीत असे, आणि आपल्या घरी काचेच्या भांड्यात पाण्यात भिजत घालीत असे. चिखलात निद्रिस्त पडलेली अंडी जागी होत, आणि विषुववृत्ताजवळच्या तळ्यातील जीवसृष्टी नॉर्वेच्या थंडीत त्याच्या खिडकीशी हालू लागे. अशाच ऑस्ट्रेलियाच्या चिखलातून हा वर्तुळाकार प्राणी निघाला. बेअर्डपुढे मेलेला नमुना होता. सार्सने तो जन्मताना, पोहताना, पिले वागविताना पाहिला. त्याने आपल्या हाताने चित्रे काढली, आणि हा प्राणी इतर एस्थेरियांहून मुळातच निराळा आहे असा निर्णय दिला. वर्तुळावरून त्याने 'सायक्लेस्थेरिया' हा नवा वंश स्थापला, आणि पुढे १८९९ साली त्याच्यासाठी स्वतंत्र कुलही केले.

ह्या तीन लेखांत लेखनगुण पाहावयाचा तर आमच्या मते पहिला मान सार्सच्या निबंधास. कारण त्याचा प्राणी वाचकापुढे जगतो. जो स्वतः पाळून पाहतो त्याच्या शब्दांत एक खात्री येते. ती ग्रंथ वाचून येत नाही व कल्पनेनेही येत नाही.

त्याची कृती किती साधी होती हे आमच्या वाचकांस पटावे म्हणून एक सांगतो. हे टिपण आम्ही पाटसास बसून लिहीत आहोत. दौंड तालुक्यातील, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे गाव. उत्तरेस भीमा, पुढे रोटीचा घाट, आणि तुकोबांची पालखी ह्याच वाटेने उंडवडीकडे जाते. पाऊस बेताचा. माळावरच्या खळग्यांत पावसाळ्यात जे पाणी साचते ते काही आठवड्यांत आटून भेगाळलेली पपडी मागे ठेवते. दख्खनच्या अशा खळग्यांत आमच्या वर्तुळाकार प्राण्याची चुलत घराणी राहतात: दोन झाकणांच्या इतर जाती, उताणे पोहणाऱ्या परीसारख्या नाजूक जाती, ढालीसारख्या पाठीच्या जाती. पाणी असेतो धावपळ करून जगायचे आणि अंडी चिखलात ठेवून मरायचे, हा त्यांचा कुलाचार. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनी चैत्र-वैशाखात अशी एक पपडी आणून काचेच्या बरणीत पावसाच्या किंवा स्वच्छ, औषध न घातलेल्या पाण्यात भिजवावी आणि उजेडात ठेवावी. दोनतीन दिवसांत पाण्यात ठिपके हालताना दिसण्याचा संभव पुष्कळ. सार्सच्या प्रयोगशाळेत ह्याहून फारसे अधिक नव्हते; अधिक होते ते त्याचे डोळे. आमचा मुख्य प्राणी मात्र पपडीपेक्षा पाणवनस्पती असलेल्या, काही दिवस टिकणाऱ्या पाण्याच्या काठी शोधावा लागतो.

ह्याच भीमेच्या खोऱ्यात कर्नल साइक्स ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मासे जमविले; त्यांच्या यादीत भीमातीरीचे पेडगाव येते. दख्खनच्या भूचर खेकड्यांचे त्यांचे वृत्त १८३६ साली लंडनात छापले गेले, आणि वेस्टवुड ह्यांनी त्या खेकड्यास बीळ करणारा अशा अर्थाचे नाव दिले. तो खेकडा सर्वांस ठाऊक आहे, आपल्या शेताच्या बांधावर आहे. परंतु नाव देताना ठिकाण लिहिले ते काय? 'दख्खन'. एवढ्या मोठ्या देशात नमुन्याचे गाव कोणी शोधावे? हिस्लॉपच्या प्राण्यास निदान 'नागपूर' हा पत्ता तरी लाभला. ह्या पत्त्याचे महत्त्व पुढे येईल.

सार्सनंतर प्रश्न नात्याचा उरला. पिले पाठीवर वाढविणे, नराविना वंश चालविणे, एकाक्ष असणे, ही सारी लक्षणे दोन झाकणांच्या भाऊबंदांची नव्हेत. ती पाणपिसवांची आहेत. पाणपिसू म्हणजे तळ्यांतून, विहिरींतून असंख्य असणारा तो ठिपक्यासारखा जीव. माशांच्या पिलांचे मुख्य अन्न. विसाव्या शतकाच्या अखेरीस, अंगाची रचना पाहणाऱ्यांनी व जननद्रव्याची अक्षरे वाचणाऱ्यांनी, दोघांनीही एकच सांगितले की सायक्लेस्थेरिया हा पाणपिसवांचा सख्खा भाऊ. १९९९ साली पीटर अॅक्स ह्यांनी ह्या दोघांस मिळून एक नवे गणनाम दिले. सर्व दोन झाकणवाल्यांचा जो एक गट पूर्वी मानीत, तो त्यामुळे मोडला. बाह्य पोशाख एक असला तरी रक्ताचे नाते वेगळे निघाले.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणासही वाटेल की हा एक एकाकी प्राणी आहे: एकच कूळ, त्यात एकच वंश, वंशात एकच जात; आणि ती एकच जात भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा सर्व उष्ण प्रदेशांत पसरलेली. शंभराहून अधिक वर्षे हेच मत चालले. २०१३ च्या लेखाने ह्याच मतावर बोट ठेवले. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना, आशियातील भारत, इंडोनेशिया व सिंगापूर, आणि ऑस्ट्रेलियातील अनेक ठिकाणे, इतक्या जागांचे नमुने घेऊन त्यांच्या जननद्रव्याचे तीन भाग लेखकांनी ताडून पाहिले. सात लेखकांत पुण्याचे समीर पाध्ये आहेत, ही गोष्ट मराठी वाचकास सुखावणारी आहे. निष्पन्न असे झाले की एका भागात खंडाखंडांतील अंतर १३ टक्क्यांहून अधिक, दुसऱ्यात ३ हून व तिसऱ्यात ४ हून अधिक. इतके अंतर एका जातीच्या पोटात मावत नाही. ह्या तिन्ही खंडांची निदान एकेक स्वतंत्र जात. ऑस्ट्रेलियात तर चार शाखा, ज्यांच्या दोन-तीन जाती व्हाव्यात. बाहेरून पाहता सारे सारखे. कोटी-कोटी वर्षे वेगळे राहूनही अंगावर खूण नाही.

ह्या लेखाचे युक्तिबल मोठे आहे, आणि निर्णयाचा मुख्य भाग आम्हांस मान्य आहे. परंतु परीक्षकाने तीन ठिकाणी थांबावेसे वाटते.

पहिले ठिकाण काळगणनेचे. शाखा केव्हा फुटल्या हे ठरविण्यासाठी लेखकांनी दोन मार्ग घेतले: एक, ज्ञात शिलावशेषांचे वय, दुसरा, जननद्रव्याच्या एका भागात दर दहा लाख वर्षांस १.४ टक्के बदल होतो असा ठोकताळा. हा वेग मुळात पनामाच्या संयोगभूमीने दोन समुद्रांत विभागलेल्या कोळंबीसारख्या सागरी प्राण्यांवरून काढलेला आहे. समुद्रातल्या घड्याळाने डबक्यातली वेळ सांगावी हे थोडे जपूनच घेण्यासारखे. शिवाय जिज्ञासू वाचक तेरास एक पूर्णांक चार दशांशाने भागून पाहील, तर उत्तर एक कोटी वर्षांच्याही आत येईल. आणि लेखक तर क्रिटेशस काळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या पलीकडचा काळ सांगतात. ही विसंगती नव्हे. एकाच जागी अक्षर पुन्हापुन्हा बदलले की मागचे बदल पुसले जातात. पाटीवर पुसून पुसून लिहिलेल्या गणितात शेवटचा आकडाच दिसतो, तसे. म्हणून नुसत्या टक्क्यांवरून भागाकार करून चालत नाही, गमावलेले बदल हिशेबात धरावे लागतात. पण सारा डोलारा ह्या दुरुस्तीवर उभा आहे, हे वाचकाने विसरू नये. शिलावशेषांचा स्वतंत्र मार्गही त्याच काळाकडे नेतो, हे लेखाचे खरे बळ.

दुसरे ठिकाण आफ्रिकेचे. दक्षिण अमेरिकेची शाखा आशिया-ऑस्ट्रेलियाच्या शाखेपासून क्रिटेशस काळात तुटली, आणि तिचे कारण गोंडवन ह्या महाखंडाचे विघटन, असा लेखकांचा कल. परंतु दक्षिण अमेरिका दहा कोटी वर्षांमागे ज्याच्यापासून तुटली तो शेजारी म्हणजे आफ्रिका. आणि तुलना केलेल्या ठिकाणांत आफ्रिका नाही. वाटणीच्या दाव्यात मधल्या भावाची साक्ष न घेता निकाल देण्यासारखे हे आहे. निकाल बरोबरही असेल. पण साक्ष घ्यावयास हवी होती.

तिसरे ठिकाण आम्हां मराठी वाचकांच्या अभिमानाशी भिडते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. 'गोंडवन' हा शब्द कोठला? गोंडांच्या देशावरून मेडलिकट ह्यांनी १८७२ साली तेथील खडकांच्या मालिकेस तो लावला. आणि त्यावरूनच एडवर्ड झ्यूस ह्यांनी १८८५ साली दक्षिणेकडील प्राचीन महाखंडास गोंडवनभूमी म्हटले. म्हणजे ज्या गोंडांच्या कथा हिस्लॉपने टिपल्या, ज्यांच्या देशातील खडक त्याने फोडले, त्यांचेच नाव आज अर्ध्या पृथ्वीच्या प्राचीन भूगोलास मिळाले आहे. आणि त्याच्याच प्राण्याची उत्पत्ती सांगताना ते नाव पुन्हा येते. इतका सुंदर योग कादंबरीकारानेही योजिला नसता. साहजिकच मन म्हणू लागते की हा प्राणी आपला, नागपूरचा आदिवासी, गोंडवनाच्या फुटलेल्या तुकड्यावर बसून भारतभूमीबरोबर उत्तरेकडे आलेला!

लेखातील पुरावा मात्र ह्या म्हणण्यास दुजोरा देत नाही. भारत ऑस्ट्रेलियापासून तेरा कोटी वर्षांच्या सुमारास सुटला. आशियाई व ऑस्ट्रेलियन शाखांचा विस्तार मात्र लेखकांच्या हिशेबाने त्याच्या फार नंतरचा, पॅलिओजीन काळातील. आणि मायोसीनच्या आरंभी, दोन-सव्वादोन कोटी वर्षांमागे, आशिया व ऑस्ट्रेलिया एकमेकांजवळ सरकल्यावर ह्या प्राण्यांनी समुद्र ओलांडून ये-जा केली असे ते मानतात. ह्याचा एक सरळ अर्थ असाही निघू शकतो की शाखा फुटल्या त्या ऑस्ट्रेलियात, आणि त्यांतील एक पुढे मलायाच्या बाजूने आशियात शिरून अखेर आपल्या तळ्यांत पोचली. तसे असेल तर नागपूरचा हा रहिवासी गोंडवनाचा मूळ वतनदार नसून उशिरा आलेला उपरा ठरतो. ज्याच्या नावाशी गोंडवन जोडावे असे वाटते, तोच गोंडवनात बाहेरून आलेला! हा अर्थ पक्का आहे असे आम्ही म्हणत नाही. पण गोंडवन शब्द कानी पडताच दुसऱ्या अर्थाचा विचारच न करणे हे अभिमानाचे काम आहे, परीक्षणाचे नव्हे. काही असले तरी ह्या कुळाची अमेरिकेपासूनची फाटाफूट पाटसच्या पायाखालील काळ्या खडकाहूनही जुनी पडते. कारण हा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा, आणि ती फाटाफूट त्याच्याही आधीची सांगतात.

आता त्या पत्त्याची गोष्ट. प्राणिशास्त्राचा नियम असा की ज्या नमुन्यावरून नाव पडले त्याच्याशी ते नाव कायमचे बांधलेले असते. एका जातीच्या उद्या पाच जाती झाल्या, तरी 'हिस्लोपी' हे नाव नागपूरच्या प्राण्याकडेच राहील. बाकीच्यांस नवी नावे घ्यावी लागतील. येथवर ठीक. पण मग ह्या 'हिस्लोपी'चे म्हणून जे चरित्र जगभर शिकविले जाते ते कोणाचे? सार्सने पाळला तो ऑस्ट्रेलियाच्या चिखलातला. १९९५ साली रोएस्लर ह्यांनी ह्याच्या जननाचे चक्र वर्णिले ते कोलंबियातील प्राण्यावरून. १९९९ साली ओलेसन ह्यांनी त्याच्या पिलांची वाढ टप्प्याटप्प्याने रेखाटली, तीही दक्षिण अमेरिकेतील नमुन्यांवरून. ते तिघेही, २०१३ चा लेख खरा धरल्यास, हिस्लोपीचे नव्हेत! नाव नागपूरचे, चरित्र क्वीन्सलंडचे आणि कोलंबियाचे, अशी ही अवस्था आहे. एखाद्या संतांच्या नावावर दुसऱ्याचेच अभंग गाथेत यावेत तसे हे झाले. आणि गाथेच्या संपादकाने ते वेगळे करणे हे जसे पवित्र काम, तसेच हेही.

भारतात काहीच झाले नाही असे नव्हे. १९६८ साली नायर ह्यांनी ह्याच्या जीवनक्रमाची निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९७७ साली पॉल व नायर ह्यांनी ह्याच्या एका नैसर्गिक वस्तीचा अभ्यास केला. हे लेख आज पुन्हा वाचले पाहिजेत, कारण जे परदेशी लेख जगन्मान्य झाले त्यांच्यापेक्षा ह्यांतील प्राणी खऱ्या हिस्लोपीच्या अधिक जवळचा असण्याचा संभव आहे. पूर्वी त्यांस मूळ शोधाला जोडलेली पुरवणी समजत. आता उलट होऊन बसले आहे.

२०१३ च्या लेखकांनी जाती वेगळ्या असल्याचे दाखविले, पण त्या लेखात त्यांस नवी नावे दिली नाहीत. ह्याबद्दल त्यांस कोणी भित्रे म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. अंगावर खूण न सापडता केवळ अक्षरांच्या फरकावर नाव देणे म्हणजे पुढच्या निरीक्षकाच्या हाती सूक्ष्मदर्शक देऊन त्यास आंधळा म्हणण्यासारखे. बेअर्डच्या काळी नाव देणे सोपे होते म्हणून ते सैल झाले. आज ते अवघड आहे म्हणून थोडे थांबणे शोभते. मात्र थांबण्यासही मर्यादा असावी. नाव नसलेल्या प्राण्याची गणना होत नाही, आणि जे गणनेत नाही ते तळे बुजविताना कोणाच्या आड येत नाही.

मराठी नावाचा विषयही येथेच काढतो. 'सायक्लेस्थेरिया' हा शब्द अर्धा वर्तुळाचा आणि अर्धा माशीच्या उसन्या नावाचा. त्याचे भाषांतर करण्यात स्वारस्य नाही. 'चाकशिंपी' असे कोणी म्हटल्यास आम्ही आक्षेप घेणार नाही, पण आग्रहही धरणार नाही. शब्द टिकतो तो कोशात घातल्याने नव्हे, तळ्याकाठच्या पोराच्या तोंडी बसल्याने. कोळ्यांच्या, भोयांच्या बोलीत अशा बारीक जीवांसाठी काही शब्द असतील तर ते आधी गोळा करावेत, आणि मगच पंडितांनी आपली संस्कृत पेटी उघडावी.

राहता राहिले काम, ते नागपूरचेच. हिस्लॉपने कोणत्या पाण्यातून हा प्राणी काढला ते पाणी नेमके ठरविता आले नाही तरी शहरात शुक्रवारी तलाव आहे, अंबाझरी आहे, फुटाळा आहे. त्यांच्या काठांच्या पाणवनस्पतींत जाळे फिरवून नमुने घेणे हे कोणत्याही कॉलेजच्या आवाक्यातील आहे. फक्त माद्या घेऊन भागणार नाही. ह्या साऱ्या गटात जातींच्या ओळखीसाठी नराच्या पुढच्या पायांवरील पकडीचे आकडे पाहण्याची रीत आहे, आणि ह्या प्राण्यात नर क्वचित. तेव्हा एकदा जाऊन परत येण्याने काम होणार नाही. पाणी उतरू लागते, वनस्पती कुजू लागतात आणि माद्या पिलांऐवजी टिकाऊ अंडी धरू लागतात, त्या दिवसांत नर निघण्याचा संभव अधिक. म्हणजे पावसाळा संपल्यावर आठवड्यास एक फेरी, त्याच काठावर, आणि प्रत्येक फेरीची तारीख बाटलीवर लिहिलेली.